काऊन वं आजी?

माझी सहा वर्षांची भाची पुण्यात आईशी कन्नड बोलते, सोसायटीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी-मराठी. चार भाषांचा फुल पॅक! पण दिवाळीत तिला वरूडला नेलं आणि दारातच गाडी अडली.

आजीनं लाडानं विचारलं, ‘‘जेवली काय वं पोट्टी?’’

‘‘डॅडा, आजी मला पॉटी का म्हणते?’’

सगळे हसलो. आजी नाही हसली. रात्री म्हणाली, ‘‘पोट्टीले माह्यं बोलनं समजतच नाही, त मी बोलू काय?’’

चूक आमचीच. पुण्यात आल्यावर भावानं आणि मी महिनाभरात ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘काऊन’चं ‘का’. आईला फोन करायचा तोही ऑफिसातून निघताना, गाडीत. मग पोरीच्या कानावर वऱ्हाडी पडणार कुठून? गंमत बघा, वरूडला लागूनच मोर्शी तालुका. तिथल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ लिहिलं गेलं, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आहे. आणि आम्ही त्याच मुलखाची बोली लपवत होतो!

दुसऱ्या दिवशी मी हौसेनं दुभाषी झाले. वर ‘मले नाही, मला म्हण’ असं दुरुस्तही केलं. पोरगी गप्पच झाली. मग ठरवलं, आपण मध्ये पडायचं नाही.

आंबिया बहाराची तोडणी सुरू होती. दोघी बागेत संत्री निवडायला बसल्या. ‘‘थे घे, याले काया डाग हाय.’’ हातात संत्रं असलं की अर्थ आपोआप कळतो! तिसऱ्या दिवशी पोरीनं स्वतःच शोध लावला : काळाचा काया, तर डोळ्याचा डोया!

तुमच्याही घरी असं असेल तर साधा फंडा :

* ती भाषा बोलणारं माणूस आणि दोघांनी मिळून करायचं काम द्या. क्लास नको.
* चूक दाखवू नका. बरोबर शब्द आपल्या वाक्यात सहज वापरा.
* भाषांची सरमिसळ झाली तर टेन्शन नको. बहुभाषिक मुलं असंच बोलतात.
* पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव’ अजिबात नको.

आता रोज रात्री दहा मिनिटं आजीला फोन. विषय एकच, आज काय रांधलं? परवा आजी म्हणाली, जेवलेच नाही. इकडून लगेच प्रश्न, ‘‘काऊन वं आजी?’’

त्या रात्री आजी अर्धा तास बोलत होती. शेवटी भावानं हात पुढे केला आणि मुलीसमोर पहिल्यांदाच म्हणाला, ‘‘मले बी बोलू दे.’’