कसाऱ्याचा घाट आणि कॅमेऱ्याची वायर

मे महिन्यातलं लग्न. हळद, लग्न आणि वरात मिळून १५०० फोटो काढले होते, तेही रॉ आणि जेपेग अशा दोन्ही प्रकारांत. उंबरमाळीला घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कॅमेरा वायरने लॅपटॉपला जोडला, सगळं निवडलं, कॉपी-पेस्ट केलं. पडद्यावर आकडा आला, १ तास ४० मिनिटं. हातपाय धुऊन दोन घास खाऊन परत येतो तर तो २ तास १० मिनिटांवर चढलेला. म्हटलं चालू दे, आणि झोपलो. सकाळी पाहतो तर मध्येच कधीतरी कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली आणि फोल्डरमध्ये अर्धेही फोटो नाहीत. तेवढ्यात नवरीच्या काकांचा फोन, "दादा, दोन-चार फोटो टाका ना स्टेटसला!"

पुढचे आठ दिवस मला सल्ले मिळत राहिले. भाचा म्हणाला, मामा, रॅम वाढव. तालुक्याच्या गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने न बघताच सांगितलं, विंडोज फॉरमॅट मारायला लागेल. शेजारचे अण्णा म्हणाले, आपल्याकडे रेंजच नाही तर फोटो कसे येणार? लग्नाचीच कामं करणाऱ्या एका मित्राचं मत, मोठं कार्ड घेतलंस तिथेच चुकलंस. चौघांचंही निदान चुकलं होतं. माझंही चुकलंच होतं, कारण तोवर मी सगळा दोष लॅपटॉपवर ढकलून मोकळा झालो होतो.

आमच्या गावावरून जाणारी गाडी बघितली की हे कोडं लवकर सुटतं. उंबरमाळी म्हणजे मध्य रेल्वेवरचं कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन. नाशिककडे निघालेली मेलगाडी आमच्यासमोरून कितीही दिमाखात गेली तरी कसाऱ्याला थांबते. तिला मागून बँकर इंजिनं लागतात आणि मग ती थळ घाट, म्हणजेच कसाऱ्याचा घाट चढते. तिथला चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. गाडीची ताकद ताशी ११० किलोमीटरची असली तरी त्या टप्प्यात तिचा वेग घाटच ठरवतो. फोटोंचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्यांचा आहे. कार्डातून कॅमेऱ्यात किंवा कार्ड रीडरमध्ये, तिथून वायरीत, वायरीतून लॅपटॉपच्या पोर्टमध्ये आणि शेवटी डिस्कवर. यातला एक टप्पा घाट असतो, आणि बाकीचे टप्पे कितीही वेगवान असले तरी तुमचा वेळ तिथेच जातो. घाट कुठे आहे ते न बघता रॅम वाढवणं म्हणजे टिटवाळ्याजवळ नवा रूळ टाकून गाडी इगतपुरीला लवकर पोचेल अशी आशा धरणं.

"लॅपटॉप म्हातारा झालाय"

फोटो नुसते उतरवून घ्यायला संगणकाला डोकं फारसं चालवावं लागत नाही. एडिटिंग ही वेगळी गोष्ट, तिथे प्रोसेसर आणि रॅम दोन्ही लागतात. कॉपी म्हणजे निव्वळ हमाली. म्हणून रॅमचे पैसे देण्याआधी एक गोष्ट करा. कॉपी चालू असताना टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कच्या रकान्यात बघा. आकडा सतत १०० टक्क्यांजवळ चिकटलेला असेल तर घाट डिस्कचा आहे. डिस्क १०-१५ टक्क्यांवर निवांत बसली असेल, तर अडचण तिच्या आधी आहे, वायरीत किंवा कॅमेऱ्यात. या तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि दुरुस्तीवाल्याने नेमकी हीच केली नव्हती.

लॅपटॉपमधली जुनी फिरती हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. ती मोकळी असेल तर सेकंदाला ८० ते १०० एमबी लिहिते. ती गळ्यापर्यंत भरली असेल, किंवा त्याच वेळी अँटिव्हायरसची झडती आणि विंडोजचं अपडेट चालू असेल, तर याच्या निम्म्यावरही येते. माझ्या डिस्कवर तीन वर्षांची लग्नं साठली होती. म्हणजे लॅपटॉप अगदीच निर्दोष होता असं नाही, पण त्या रात्रीचा मुख्य आरोपी तो नव्हता.

"वायर ती वायर, सगळ्या सारख्याच"

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो या समजुतीपायी, म्हणून इथे जरा थांबतो.

यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींत अजय भट्ट हे मोठं नाव, आणि ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. भोक एकच ठेवायचं आणि काहीही जोडता आलं पाहिजे, हे त्यांचं स्वप्न होतं. ते खरंही झालं, पण भोक तेच राहिलं आणि आतला वेग बदलत गेला. १९९८ च्या यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. २००० साली यूएसबी २.० आलं, ते ४८० मेगाबिटचं. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, ते ५ गिगाबिटचं. यात एक फसगत आहे. हे आकडे बिटचे आणि आपले फोटो बाइटचे. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे ४८० चे झाले सेकंदाला ६० एमबी, तेही कागदावर. प्रत्यक्षात यूएसबी २.० वर ३०-४० एमबी मिळाले तर देव पावला म्हणायचा.

माझा आकडा मांडून बघा. १५०० फोटो, रॉ आणि जेपेग मिळून एकेकाचे साधारण ३० एमबी, म्हणजे ४५ जीबी. सेकंदाला ३० एमबीने २५ मिनिटं लागतात आणि ९० एमबीने सव्वाआठ. १ तास ४० मिनिटं म्हणजे सेकंदाला साडेसात एमबी. इतका कमी वेग यूएसबी २.० चाही नव्हे. मग अजून कोण पाय ओढत होतं?

एक होता स्वतः कॅमेरा. वायरने जोडलेला कॅमेरा बहुतेक वेळा पेनड्राइव्हसारखा दिसत नाही, त्याला ई किंवा एफ असं ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. तो संगणकाशी पीटीपी नावाच्या ठरावीक पद्धतीने बोलतो. संगणक एक फाइल मागतो, कॅमेऱ्याचा छोटा प्रोसेसर ती कार्डावरून शोधून पाठवतो, मग दुसरी मागितली जाते. त्यात तुम्ही फोल्डर उघडून लहान चित्रं बघत बसलात तर तीही तो एकेक करून पुरवत राहतो. कॅमेरा बनलाय फोटो काढायला, पोस्टमनचं काम त्याच्याकडे जादाचं आहे. दुसरं म्हणजे वायर मी थेट लॅपटॉपला न लावता चार तोंडांच्या हबला लावली होती. त्याच हबवर माउस होता आणि मोबाइल चार्ज होत होता. शिवाय ती वायर कॅमेऱ्याची नव्हतीच, ड्रॉवरमधली कुठलीतरी होती. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. माझी निदान तेवढी वाईट नव्हती.

टाइप-सी बद्दलही लोक असेच फसतात. गोलसर टोक दिसलं की वेगवान, असं धरून चालतात. टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी पोर्ट आहे, पण त्यातून डेटा जातो तो यूएसबी २.० च्याच वेगाने. महागडी वायर घेऊन उपयोग नाही.

आता जवळून बघण्यासारखी एक गोष्ट. लॅपटॉपच्या चपट्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आत निळी पट्टी असेल किंवा बाजूला एसएस अशी इंग्रजी अक्षरं असतील तर ते बहुधा यूएसबी ३ चं. निळा रंग सगळेच कारखाने पाळतात असं नाही, म्हणून बहुधा. त्यात ४ संपर्क जुन्या यूएसबीचे असतात आणि वेग देणारे आणखी ५. रीडर अगदी सावकाश सरकवत घातला तर आधी जुने चारच टेकतात आणि कधीकधी संगणक त्याला यूएसबी २.० समजून बसतो. काढून एका झटक्यात पूर्ण आत घाला. वाचायला हे जादूटोण्यासारखं वाटेल, पण कारण साधं आहे.

"कार्डावर १७० लिहिलंय, म्हणजे १७० मिळणार"

कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचण्याच्या कमाल वेगाचा असतो, लिहिण्याच्या नव्हे. लिहिण्याची हमी बारीक चिन्हांत दडलेली असते. इंग्रजी सी च्या पोटातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू च्या पोटातला ३ म्हणजे किमान ३०, व्ही-३० म्हणजेही ३० आणि व्ही-९० म्हणजे ९०. एखाद्या पक्ष्यावर लेन्स रोखून सेकंदाला दहा-दहा फोटो सोडणाऱ्याला लिहिण्याचा वेग महत्त्वाचा, नाहीतर ऐन वेळी कॅमेरा गुदमरतो. घरी येऊन फोटो उतरवताना मात्र वाचण्याचा वेग मोजायचा.

तोही पूर्ण मिळेल याची खात्री नाही. कार्डावर रोमन एक असेल तर ते यूएचएस-१, आणि त्याच्या रस्त्याची ठरलेली मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. १७० किंवा २०० लिहिलेली काही कार्डं हा आकडा ओलांडतात, पण त्यांना त्यांचाच खास रीडर लागतो. रोमन दोन असेल तर कार्ड उलटं करा. सोनेरी पट्ट्यांची एक रांग नेहमीची, तिच्याखाली दुसरी जादा रांग दिसेल. हे यूएचएस-२, मर्यादा ३१२ एमबीची. पण बऱ्याच लॅपटॉपच्या खाचेत किंवा स्वस्त रीडरमध्ये त्या दुसऱ्या रांगेला टेकणारे संपर्कच नसतात. मग दुप्पट-तिप्पट पैसे देऊन घेतलेलं कार्ड साध्या कार्डाच्या वेगाने चालतं. मुंबईच्या बोरा बाजारातून कार्ड आणताना रीडरचंही विचारा, मी विचारलं नव्हतं.

कार्ड मोठं असल्याने वाचन मंदावतं, हा माझ्या मित्राचा समज मात्र निराधार आहे. त्यावर फोटो जास्त मावतात, म्हणून वेळ जास्त लागतो, इतकंच.

अण्णांच्या रेंजचं काय? वायरीतून किंवा रीडरमधून फोटो उतरवायला इंटरनेट लागतच नाही. मोबाइलची एकही काडी नसलेल्या पाड्यावरही तेवढाच वेग मिळेल. अण्णांच्या म्हणण्यात खरं निघालं ते भलत्याच जागी. माझं पिक्चर्सचं फोल्डर क्लाउडला जोडलेलं होतं. फोटो येऊन पडतोय तोच तो वर पाठवायची धडपड सुरू व्हायची, आणि डिस्क एकाच वेळी दोन मालकांची चाकरी करायची. तेवढ्यापुरतं सिंक थांबवलं की संपलं. कॅमेऱ्यातल्या वायफायने फोटो पाठवता येतात, पण ते स्टेटसच्या दोन-चार फोटोंपुरतं ठीक. ४५ जीबीसाठी तो रस्ता धरू नका.

"कट-पेस्ट लवकर होतं" हा समज खरा तर नाहीच, वर धोक्याचा. एकाच डिस्कवर फाइल इकडून तिकडे हलवली की फक्त पत्ता बदलतो, म्हणून तिथे कट-पेस्ट क्षणात होतं. कार्ड आणि लॅपटॉप या दोन वेगळ्या जागा. तिथे कट म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ फाइल पुसणं. मध्येच लाईट गेली, वायर हलली, की लग्नाचा कुठला फोटो कुठे राहिला ते शोधत बसा. कॉपी करा, उघडून बघा, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवा, मगच कार्ड पुसा.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते. दहा जीबीचा व्हिडिओ भुर्रकन जातो आणि दहा जीबीचे फोटो रखडतात. संगणकात दोष नाही. कल्याणच्या पुढे कुठलीही कसारा लोकल शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली करत सगळी स्टेशनं घेते. धावण्यापेक्षा थांबण्यातच वेळ जातो. प्रत्येक फाइल उघडायची, नाव नोंदवायचं, तारीख लिहायची, बंद करायची, हे तिचं स्टेशन. व्हिडिओला एकच थांबा, माझ्या त्या लग्नाच्या फोटोंना रॉ आणि जेपेग मिळून तीन हजार. म्हणून तर मिनिटांचा आकडा खालीवर होतो. विंडोज चालू क्षणाचा वेग बघून अंदाज बांधतं आणि वेग बदलला की अंदाजही बदलतो.

एक संथपणा मात्र हसण्यावारी नेऊ नका. पट्टी एकाच फोटोवर येऊन अडते, रीडर बदलला, पोर्ट बदललं तरी त्याच फोटोवर अडते. तेव्हा कार्डाचा तो भाग वाचला जात नसतो आणि संगणक पुन्हापुन्हा प्रयत्न करत असतो. अशा वेळी "फॉरमॅट मारा, जलद होईल" हा सल्ला सर्वांत घातक. आधी तो फोटो वगळून बाकीचे काढून घ्या, आणि ते कार्ड पुन्हा कुणाच्या लग्नाला नेऊ नका. एरवी फोटो सुरक्षित झाल्यावर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करणं ही चांगली सवय आहे, पण तिने वाचनाचा वेग वाढत नाही. फुटपाथवर कवडीमोलाने मिळणारी २५६ जीबीची कार्डंही तपासून घ्या. काहींत खरी जागा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, नुसता आकडा खोटा दाखवलेला असतो. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून, परत वाचून ते उघडं पाडतो. मात्र तो कोऱ्या कार्डावरच चालवा.

शेवटी मी यूएसबी ३ चा कार्ड रीडर आणला, हब काढून ठेवला आणि सिंक थांबवलं. तेच कार्ड, तेच ४५ जीबी, ११ मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क आता १०० वर चिकटलेली असते, म्हणजे घाट पुढे सरकून हार्डडिस्कवर आलाय. भाचा म्हणतो, मामा, एसएसडी टाक. या वेळी त्याचं बरोबर आहे. पण आता पाऊस लागलाय आणि लग्नं थांबलीत, तेव्हा तुळशीचं लग्न झाल्यावर बघू.