तुटलेली नस उपाशी मरते की आत्महत्या करते?

हेडफोन बाजूला ठेवून वाचणाऱ्यांसाठी, नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी अवतार. आजचा विषय किड्यांच्या नसांचा आहे, पण शेवटी तो येऊन थांबतो आपल्याच हातापायांवर.

आधी एक गोष्ट सांगते. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नाही, तर संदेश नेणारी चेता. तिच्यात चेतापेशींच्या लांबलांब तारा असतात, त्यांना ॲक्झॉन म्हणतात. पेशीचं मुख्य ठाणं एका टोकाला आणि तार तिथून दूरवर गेलेली. मग ती मधेच तुटली, तर पलीकडच्या तुकड्याचं काय होतं?

१८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हेच पाहिलं. काही दिवसांत पलीकडच्या भागाचे तुकडे तुकडे झाले. पुढे शंभराहून जास्त वर्षं समज असा होता की, ठाण्याकडून रसद बंद झाली म्हणून बिचारा उपाशी मेला. चार्जर काढला, बॅटरी संपली, फोन बंद. पण १९८९ मध्ये एक अजब उंदीर जगासमोर आला. त्याच्या कापलेल्या नसा आठवडेच्या आठवडे शाबूत राहायच्या! रसद नसताना?

इथे एन्ट्री होते फळमाशीची. केळी जास्त पिकली की घोंगावते ना, तीच. तिच्या वास घेणाऱ्या पेशींची ठाणी असतात मिशांमध्ये आणि तारा जातात मेंदूत. मिशी काढली की ठाणं गेलं, तार मेंदूत उरली. साधारण दिवसभरात ती तार तुटून तिचे तुकडे होतात आणि ग्लिया नावाच्या पेशी पुढच्या काही दिवसांत तो कचरा गिळून टाकतात. ग्लियामधलं ‘ड्रेपर’ हे जनुक बिघडलं, तर कचरा तसाच पडून राहतो.

अमेरिकेत मार्क फ्रीमन यांच्या गटाने जनुकं बिघडवलेल्या माश्या तपासत असा बिघाड शोधला, ज्यात तार तुटतच नाही. २०१२ मध्ये उत्तर मिळालं: ‘सार्म’. हे जनुक नसेल तर कापलेली तार आठवडेच्या आठवडे टिकते. म्हणजे बॅटरी आपोआप संपत नव्हती. फोनमध्येच एक ॲप होतं, जे बॅटरी मुद्दाम संपवत होतं. एरवी ठाण्याकडून येणारं एक प्रथिन सार्मला झोपवून ठेवतं. तार तुटली की तो पुरवठा थांबतो, सार्म जागा होतो आणि पेशीतल्या ऊर्जेसाठी लागणारं एनएडी नावाचं रसायन फस्त करतो.

बरं, मोडलेलं परत जोडलं जातं का? काही ठिकाणी हो. झुरळाच्या पिल्लाचा पाय तुटला तर कात टाकताना नवा येतो, नसांसकट. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात. एका बाजूचा कान गेला, की त्या बाजूच्या ऐकणाऱ्या पेशींच्या फांद्या एरवी न ओलांडलेली मध्यरेषा ओलांडतात आणि दुसऱ्या कानाच्या तारांना जाऊन जुळतात. हे रोनाल्ड हॉय आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. फळमाशीत तार तुटल्याचा निरोप ठाण्यापर्यंत पोचवून वाढ सुरू करणारं जनुक आहे ‘वॉलेंडा’. दोरीवर चालणाऱ्या प्रसिद्ध सर्कस-कुटुंबाचं नाव! त्याचाच भाऊबंद आपल्यातही आहे.

आता आपलं काय? सार्मही आपल्याकडे आहे. कॅन्सरच्या काही औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कारण लांब तारा टोकाकडून झिजत जातात. सार्म नसलेल्या उंदरांना अशाच एका औषधाचा हा त्रास फारसा झाला नाही. म्हणून सार्मला रोखणाऱ्या औषधांवर आता काम चालू आहे. पण थांबा! ‘एनएडी वाढवा’ म्हणणाऱ्या गोळ्यांची जाहिरात फोनवर दिसली, तर माशीवरचा शोध म्हणजे तुमचं प्रिस्क्रिप्शन नाही. आणि घरात कुणाची केमो चालू असेल, बोटं बधिर होत असतील, तर ‘होतंच असं’ म्हणून गप्प बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. कारण झिजलेली तार भरून आलीच, तर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर.