अमरकंदाचं बोंड

अमरकंद या ऑर्किडचं बोंड हिरवं असतानाच हाती यावं लागतं. पिकून उकललं की बी वाऱ्यावर जातं, आणि जे उरतं त्यावर हवेतले बुरशीचे कण बसतात. बंद बोंडाच्या पोटात मात्र सगळं स्वच्छ असतं.

प्रयोगशाळेत लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर, बसले की मी बोलणं बंद करते. बोंड अल्कोहोलमध्ये बुडवायचं, ज्योतीवरून फिरवायचं. निळी ज्योत त्याच्या अंगावरून सरकन धावते आणि विझते. असं तीनदा. मग ब्लेडनं उभा काप. आत पिवळट भुसा दिसतो. तो भुसा म्हणजेच बी. चिमट्याच्या टोकाला चिकटेल तेवढ्यात शेकडो.

हरभऱ्याच्या कोंबाला पहिले काही दिवस डाळ पोसते. ऑर्किडच्या बीला अशी शिदोरीच नसते. रानात ठरावीक बुरशीचा धागा आत शिरून अन्न पुरवतो, तेव्हाच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे १८९९मध्ये उमगलं. १९२२मध्ये अमेरिकेत लुईस क्नुडसननं बुरशीला वगळून थेट साखर दिली, तरी बी रुजलं. आम्ही बी पेरतो ती बाटलीही त्याच वाटेनं जाते: अगर, क्षार, साखर, कधी नारळपाणी, आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ.

पण ही साखर नको त्या बुरशीलाही हवी असते. गेल्या पावसाळ्यात एका बोंडाच्या ४० बाटल्यांपैकी ३१ चौथ्या दिवशी पांढऱ्या जाळ्यानं भरल्या. बोंडाला केसाएवढी चीर होती, ती माझ्या नजरेतून सुटली. ते बोंड ज्या उतारावरून आणलं, तिथे अमरकंदाचं ते एकच झाड उरलं होतं. बाकीचे कंद गाठींवरच्या औषधासाठी खणून नेलेले. कंद गेला की झाडच गेलं, आणि बोंड धरण्याआधी गेला तर पुढची पिढीही.

उरलेल्या ९ बाटल्यांत दीड महिन्यानं हिरवट ठिपके दिसले, मोहरीहून लहान. ना पान, ना मूळ. हे प्रोटोकॉर्म. संप्रेरकं देऊन एकाचे हजार करता येतात, पण रानात परत न्यायच्या झाडांसाठी मला ते पटत नाही. बीपासूनचं प्रत्येक रोप वेगळं असतं. हजार रोपं एकसारखी असली, तर एकच रोग सगळी घेऊन जाईल.

खरी कसोटी बाटलीबाहेर. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेलं पान पातळ असतं, त्याला पाणी धरून ठेवता येत नाही. मुळांचा अगर कोमट पाण्यात बोटांनी धुवायचा, कणभरही ठेवायचा नाही. मग कोकोपीट, वाळू, पालापाचोळा, आणि मूळ झाडाच्या बुंध्याजवळची मूठभर माती. ज्या बुरशीला आम्ही वगळलं, ती त्या मातीतून भेटावी म्हणून. वरून प्लास्टिक झाकायचं आणि रोज थोडं थोडं उघडायचं. तरी पहिल्या पंधरवड्यात निम्मी रोपं माना टाकतात.

हिवाळा लागला तशी उरलेल्यांची पानंही पिवळी पडून गळाली. अमरकंद असाच झोपतो, हे माहीत असूनही राहवेना. ट्रेमध्ये नुसती माती आणि वर नंबरांच्या पट्ट्या. फेब्रुवारीत १७ नंबरपाशी बोटानं माती जराशी बाजूला केली. वाटाण्याएवढी गाठ लागली, टणक, ओलसर. माती पुन्हा सारखी केली.