तोंडातली गाठ : प्रतिकारशक्ती कमी असली तरी शस्त्रक्रिया होते

तंबाखूची चिमूट आणि मिसरी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्याला नवा नाही. पण एचआयव्हीचा रोगी, मूत्रपिंड बदललेला माणूस, वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारा किंवा साखर आटोक्यात नसलेला मधुमेही, यांचे तोंड वरचेवर येते. म्हणून न भरणारी जखमही ‘मूळ दुखण्याचीच असेल’ असे समजून अंगावर काढली जाते. पुढे निदान झाले, की ‘याला शस्त्रक्रिया सोसणार नाही’ असे घरचेच ठरवून टाकतात.

हा समज चुकीचा आहे. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हाच मुख्य इलाज आहे. केवळ प्रतिकारशक्ती कमी म्हणून तो नाकारला जात नाही. हलक्या रानाची मशागत जास्त करावी लागते, तशी अशा रोग्याची पूर्वतयारी जास्त करावी लागते, इतकेच.

एचआयव्हीच्या रोग्याच्या रक्तातील सीडी-४ पेशी व विषाणूंचे प्रमाण पाहतात. साखर आटोक्यात आणतात. किडलेल्या दातांचा बंदोबस्त करतात. गिळता येत नसेल तर नाकातील नळीने अन्न देतात. चालू औषधांचे काय करायचे ते डॉक्टरच ठरवतात. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते.

शस्त्रक्रियेत गाठीबरोबर भोवतालचा थोडा निरोगी भागही काढतात. पुष्कळदा मानेतील गाठीही काढतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा सुरुवातीच्या अवस्थेतील रोग्यांवरील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मानेतील गाठी पहिल्याच वेळी काढलेल्यांपैकी ८० टक्के रोगी तीन वर्षांनी हयात होते. रोग मानेत उलटल्यावर त्या काढायच्या, असे ठरवलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

अशा रोग्यांची जखम सावकाश भरते, त्यात पू होण्याची भीती अधिक. ताप, दुर्गंधी किंवा सूज दिसताच रुग्णालय गाठावे. तंबाखू कायमची सोडावी.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर तपासून घ्या. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरत नाही. उशीर केल्याने मात्र पसरतो. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. गाठ लहान असतानाच गेलात, तर शस्त्रक्रियाही लहान होते आणि अशक्त शरीराला ती सोसते.