मे महिन्यातली थंडी

महामार्गालगतच्या रुग्णालयात काम करणाऱ्याला हे नवीन नसतं. बाहेर मे महिन्याचं ऊन अंग भाजून काढतंय आणि ट्रॉलीवरचा जखमी थंडीने कुडकुडतोय. सोबतचे म्हणतात, "घाबरलाय हो तो." घाबरलेला असतोच, पण थंडीचं कारण वेगळं असतं. रक्त जातं, स्नायूंना प्राणवायू पुरत नाही आणि शरीराची ऊब तयार करण्याची ताकदच कमी होते. गार पडलेलं रक्त नीट गोठत नाही, म्हणून आणखी वाहतं. प्राणवायूवाचून रक्तातली आम्लता वाढते, त्यानेही गोठणं बिघडतं. जखमेइतकंच हे चक्र जीव घेतं, आणि आपल्याकडे हवा उष्ण म्हणून त्याच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं.

एका दुपारी मोटरसायकलवरून पडलेला पंचविशीतला मुलगा आला. उजवी मांडी सुजून टणक झालेली. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आतच लिटरभर रक्त सहज साचतं, बाहेर थेंबही दिसत नाही. शर्ट चिंब, कारण रस्त्यावर कुणीतरी शुद्धीवर राहावा म्हणून तोंडावर पाणी मारलेलं. नाडी १३०, वरचं बीपी ८४. नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. त्याला पाचेक सेकंद लागत होते. "पाणी द्या ना, डॉक्टर," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सिस्टरने कात्रीने शर्ट-पँट कापून काढली. वॉर्डबॉय मामांनी एसी बंद केला, अंग कोरडं पुसलं, डोक्यासकट ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि फक्त मांडी उघडी ठेवली. तिला स्प्लिंट लागला. एसी बंद करणं हे कामाच्या यादीत शेवटी येता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

तापमान घेताना एक गोष्ट नवख्यांना सांगावी लागते. काचेच्या साध्या थर्मामीटरचे आकडे ३५ अंशांपासून सुरू होतात, कारण तो ताप मोजायला केलेला असतो. गार पडलेल्या माणसाचा पारा तळालाच बसतो आणि कागदावर 'ताप नाही' लिहिलं जातं. जखमीच्या बाबतीत ३६ च्या खालीच सावध व्हायचं असतं. या मुलाचं तापमान मॉनिटरच्या प्रोबवर ३५.१ आलं.

बीपी कमी दिसलं की दोन्ही हातांना सलाईन धो धो सोडायची जुनी सवय आहे. खोलीच्या तापमानाचं सलाईन शरीराला गार करतं, उरलेलं रक्त पातळही करतं. डोक्याला मार नसेल तर रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत वरचं बीपी ८०-९० राहिलेलं चालतं. म्हणून सलाईन मोजकं आणि कोमट, आणि रक्त लवकरात लवकर. रक्ताची पिशवी फ्रीजमधून येते, चार अंशांच्या आसपास. ती नळीवरच्या वॉर्मरमधूनच द्यायची. उकळत्या पाण्यात बुडवली तर रक्तपेशी फुटतात. सोबत रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले वीस हजारांवर जखमी होते. त्यातून हे स्वस्त औषध जीव वाचवतं हे सिद्ध झालं. मात्र ते अपघातापासून तीन तासांच्या आत द्यायचं, उशिरा दिलं तर अपायच.

रक्ताची दुसरी पिशवी संपत आली तेव्हा मुलाचं कुडकुडणं थांबलं. अंगात ऊब आली तरी ते थांबतं, शक्ती संपली तरीही थांबतं. म्हणून पुन्हा प्रोबकडे पाहिलं. ३५.९. ऑपरेशन थिएटरकडे नेताना तो आईचा नंबर सांगत होता.

त्याचं हृदय थांबण्यापर्यंत वेळ आली असती तर छाती दाबून फारसं साधलं नसतं. रिकाम्या हृदयातून ढकलायला रक्तच नसतं. याउलट, १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाळ ओढ्यात अडकलेली अॅना बोगेनहोल्म १३.७ अंशांवरूनही वाचली. तिचं शरीर आधी गार झालं, हृदय नंतर थांबलं, म्हणून मेंदू तगला. रक्त जाऊन गार पडलेल्याला गारव्याचं असं संरक्षण मिळत नाही. त्याचा रक्तस्राव वेळेत थांबवणं हाच उपाय.

हे काम रस्त्यावरच सुरू होतं. जखमीच्या तोंडावर पाणी मारू नका, चहा-पाणी पाजू नका. वाहती जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, ओले कपडे बाजूला करा, चादर, ओढणी, जे कोरडं हाताशी असेल ते अंगावर घाला आणि १०८ ला फोन करा. पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव सांगायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही.