अनोळखी गुलाबाचा वाण कसा ओळखावा?

उद्दिष्ट: बागेतल्या नाव नसलेल्या गुलाबाचा वाण कसा शोधायचा आणि उत्तर देताना कुठे थांबायचे, हे समजून घेणे. हा वर्गीकरणाचा प्रश्न आहे. गुणधर्म नोंदवायचे, न जुळणाऱ्या शक्यता वगळायच्या आणि उरलेल्या शक्यतांइतकेच उत्तर द्यायचे. तुम्ही कोणत्याही शाखेचे असलात तरी ही पद्धत उपयोगी पडेल.

1. वाण म्हणजे काय?

वाण कलमाने किंवा फांदी लावून वाढवतात. त्यामुळे एका वाणाची सगळी झाडे मूळ एकाच झाडाच्या प्रती असतात. बी पेरून आलेले रोप तोच वाण नसते.

नावांचा गोंधळ दोन बाजूंनी होतो. 'पीस', 'मादाम मेयां' आणि 'ग्लोरिया डाय' ही एकाच गुलाबाची नावे आहेत. उलट 'शिकागो पीस' हा 'पीस'च्याच फांदीत आपोआप झालेल्या बदलातून मिळाला. झाड जवळजवळ तेच, फुलाचा रंग वेगळा. अशी जोडी नेहमीच्या डीएनए चाचणीतही बहुधा वेगळी दिसत नाही. शिवाय खात्रीचा नमुना तुलनेला नसेल, तर डीएनए चाचणी नाव सांगू शकत नाही.

2. आधी खुंट तपासा

रोपवाटिकेतला गुलाब बहुधा खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. वरचे कलम मेले की खुंट फुटतो आणि 'आमच्या गुलाबाने रंग बदलला' असे आपल्याला वाटते. म्हणून पहिला प्रश्न हा: फांदी जोडाच्या वरून आली आहे की खालून?

रोझा मल्टिफ्लोरा हा एक नेहमीचा खुंट. पानाच्या देठाच्या तळाशी असलेली उपपर्णे पाहा. त्यांची कड झालरीसारखी कातरलेली, पर्णिका 7 ते 9 आणि लहान पांढरी फुले झुपक्यात असतील, तर बहुधा तुमच्यासमोर खुंटच उभा आहे.

3. काय नोंदवावे?

रंग ही सर्वांत कच्ची खूण. तो ऊन, तापमान आणि फुलाच्या वयानुसार बदलतो. फोनचा कॅमेरा त्यात आणखी भर घालतो. त्यापेक्षा या गोष्टी लिहा:

• काटे: आकार, दाटी, सरळ की आकडीसारखे
• पाने: पर्णिकांची संख्या, चकाकी, खालच्या बाजूची लव
• निदले: लांबी, केसाळपणा, फूल उमलल्यावर मागे वळतात का
• पाकळ्या: किमान पाच फुलांतल्या मोजून सरासरी
• सुगंध: सकाळी, ताज्या फुलाचा
• बहर: वर्षातून एकदा की पुन्हापुन्हा, यासाठी बारा महिने नोंद ठेवावी लागते

4. उदाहरण: बेंगळुरूचा पन्नीर गुलाब

बेंगळुरूच्या फुलबाजारात हारांसाठी मिळणारा सुगंधी गुलाबी 'पन्नीर' तुम्ही पाहिला असेल. 'पन्नीर' म्हणजे गुलाबपाणी. तेल आणि गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध असलेला गुलाब दमास्क, म्हणून पन्नीरलाही अनेकदा दमास्क म्हटले जाते. नाव आणि वास यांवरून काढलेला हा निष्कर्ष खुणांवर तपासू.

उत्तर भारतात कन्नौज, हाथरस भागात तेलासाठी लावलेला दमास्क मार्च-एप्रिलच्या सुमारास एकदाच बहरतो. त्याचे पान करडट हिरवे, खालून लवदार असते आणि फांदीवर लहानमोठ्या काट्यांची दाटी असते. पन्नीर मात्र बेंगळुरूच्या सौम्य हवेत पुन्हापुन्हा फुलतो. ही एक खूणच तेलाचा दमास्क वगळायला पुरते. उरलेल्या खुणा बूर्बाँ गटाकडे नेतात. जाणकार पन्नीरला त्या गटातला 'रोझ एदुआर' मानतात. आपल्याकडे तो 'एडवर्ड' म्हणूनही ओळखला जातो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर (जुने नाव बूर्बाँ) दमास्क आणि चिनी गुलाबाच्या संकरातून हा गट निर्माण झाला, असे मानले जाते. वासातले साम्य त्या नात्यातून आलेले असू शकते.

इथे एक तार्किक मुद्दा लक्षात घ्या. वारंवार येणारा बहर तेलाच्या दमास्कला बाद करतो. पण वर्षातून एकदाच आलेला बहर दमास्क सिद्ध करत नाही. सावली किंवा चुकीची छाटणी हेही कारण असू शकते.

चुकीच्या नावाची किंमत मोठी आहे. एक किलो गुलाबतेलाला साधारण 3,000 ते 5,000 किलो फुले लागतात. दमास्क समजून दुसराच गुलाब लावणाऱ्या शेतकऱ्याला ती चूक कळायला दोन-तीन वर्षे लागतील.

5. उत्तर कसे लिहावे?

तीन पायऱ्या ठेवा. 'बूर्बाँ गटातला' हे गटापुरते उत्तर. 'रोझ एदुआरशी जुळणारा' हे तुलनेचे उत्तर. 'रोझ एदुआर' हे निश्चित उत्तर. ते खात्रीच्या झाडाशी सर्व खुणा जुळल्यावर किंवा झाड कुठून आले याची नोंद असल्यावरच द्यावे. रोपवाटिकेची पाटी हा दावा आहे, पुरावा नाही. पण तो तपासता येतो. उदाहरणार्थ, 'अर्का परिमळा'सारखे 'अर्का'ने सुरू होणारे नाव बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या वाणाचे असते. तिथले वर्णन मिळवून झाडाशी ताडून पाहा.

पहिल्या पायरीवर थांबावे लागले तरी ते अपयश नव्हे. गटापुरते बरोबर उत्तर पुढच्या माणसाला कामाला येते. चुकीचे नेमके नाव त्याला भलतीकडे नेते.

स्वाध्याय

1. परिसरातला एक गुलाब निवडा आणि रंगाचा उल्लेख न करता त्याचे वर्णन लिहा. ते वाचून मित्राला तेच झाड सापडते का ते पाहा.
2. 'ही खूण नसेल तर तो वाण नाही' आणि 'ही खूण असेल तर तोच वाण' या दोन विधानांतला फरक उदाहरणासह स्पष्ट करा.