हँडब्रेक ओढला, तरी गाडी घरंगळली!

दोस्तांनो, औंढा नागनाथच्या चढावर उभ्या गाडीच्या चाकामागे दगड लावलेला पाहिलाय ना? हँडब्रेक असताना दगड कशाला?

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. हँडब्रेकची मात्र पोलादी तार असते, अन् बहुतेक गाड्यांत ती फक्त मागच्या चाकांना जाते. १९८३ साली आलेली मारुती ८०० घ्या. तिच्या मागच्या चाकात लोखंडी ड्रम, आत दोन अर्धगोल 'शू'. तार ओढली की शू फाकतात, ड्रमला आतून दाबून धरतात. तेल गळून गेलं, तरी तार आपलं काम करते!

पण शूवरचं लायनर झिजलं की फट वाढते. दांडा कटकट करत पार वर येतो, गाडी घरंगळतेच. मग कुणी नुसती तार आवळून देतं. छे! आधी ड्रम उघडून लायनर बघायचं, फट जुळवायची, तार शेवटी. नाहीतर शू सारखा घासतो, ड्रम तापतो.

हे काम मेकॅनिककाकांचंच. मागची चाकं जॅकवर उचलली की हँडब्रेक निरुपयोगी, म्हणून ते पुढच्या चाकांना दगड लावतात. बघायला जाल, तर ड्रममधल्या काळ्या भुकटीवर फुंकर मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते फुप्फुसात गेलं की तिथंच रुतून बसतं.